पाणकराची पाळी

ती मॅच आम्ही हरलो, आणि हरायला आम्हाला फार मेहनत करावी लागली. कारण समोरचा कामठ्याचा संघही हरायलाच आला होता.

बाई काहीतरीच सांगते असं वाटेल, म्हणून आधी नियम सांगते. आमच्या जिल्ह्यात महिला कबड्डीची लीग आहे. सहा संघ, मानधनावर खेळणाऱ्या पोरी. दर मार्चमध्ये नव्या खेळाडूंची निवड होते. त्या वर्षी अठरा पूर्ण केलेल्या मुली नावं देतात आणि संघ एकामागून एक येऊन त्यांतली एकेक उचलतात. जो संघ लीगमध्ये शेवटी राहिला त्याला पहिली पसंती, मग पाचव्याला, मग चौथ्याला, असं वर वर. कमजोराला आधी द्यावं, म्हणजे तो पुढच्या वर्षी सावरेल, हा हिशेब. नियम भला वाटतो. मलाही वाटला होता. चार वर्षांपूर्वी सभेत उभं राहून तो मांडणारी मीच होते.

माझं नाव धुरपता. गोंदियाच्या एका शाळेत खेळ शिकवते, मुर्रीच्या संघाची कोच आहे, आणि माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्या वर्षीच्या निवडीत आचल होती. अर्जुनी मोरगावजवळच्या माझ्या माहेरच्या गावातली पोरगी. आठवीत असताना मीच तिला गोंदियाला आणलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली आणि पाच वर्षं शाळेच्या मैदानावर घासून घासून तयार केलं. मी गावची लेक, म्हणून ती मला घरी आत्या म्हणायची आणि मैदानावर मॅडम. अशी चढाई करणारी मुलगी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. ती माझ्या संघात आली नाही तर माझी पाच वर्षं दुसऱ्याच्या घरात जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जानेवारीतल्या शेवटच्या मॅचला आमचे आणि कामठ्याचे गुण सारखे होते. हरेल तो शेवटी, आणि शेवटी राहील त्याला आचल. मी आमची कप्तान चेतना हिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आज जिंकायची घाई नको."

"म्हनजे?" ती म्हणाली.

"म्हणजे काय ते तुला समजलं आहे."

मग जे झालं त्याला कबड्डी म्हणायची माझी हिंमत नाही. कामठ्याची पोरगी चढाईला आली, मधल्या रेषेपाशी उभी राहून जपमाळ ओढल्यासारखं कबड्डी कबड्डी म्हणत राहिली आणि कोणाला हात न लावता परत गेली. आमच्या पोरीनंही तेच केलं. मग त्यांची कोपऱ्यातली मुलगी कोणी धक्का दिला नसताना स्वतःच मैदानाबाहेर पाय टाकून बाद झाली. आमच्या एकीनं हातात आलेला पाय सोडून दिला. दुपारची जेवणं सोडून आलेले लोक आधी हसले, मग चिडले. मागून एक बाई ओरडली, "अवो, कोनी तरी हात लावा वो एकमेकीले!"

अकरा-अकरा झालं. शेवटची चढाई चेतनाची. ती पुढे गेली, थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं. ती चालत चालत बाजूच्या रेषेबाहेर गेली. पंचानं कामठ्याला गुण दिला आणि खेमराजनं, म्हणजे कामठ्याच्या कोचनं, डोक्याला हात लावला. आम्ही हरलो होतो. मी चेतनाची पाठ थोपटली आणि म्हटलं, "शाब्बास."

तिनं माझा हात बाजूला केला. "ते शाब्बास मले नोको, मॅडम. ठेवा तुमच्यापाशी."

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली होती, पण मला लाज वाटली की रागच येतो. मी पाण्याच्या टाकीपाशी गेले तर तिथे आचल उभी. तिच्या हातात निवडीचा फॉर्म होता आणि डोळे रडून लाल झाले होते.

"हे कोनासाठी केलं?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी. आणखी कोणासाठी?"

"मी कुठं म्हटलं होतं, हारा म्हनून? पूरा मैदान मायाकडं पाहून राहिला होता. हिच्यापायी चाललं हे, असे बोलून राहिले होते लोक." तिनं फॉर्मची चौघडी घातली. "हाच नियम राहनार असन तर मी नाव देत नाही. घरी जाते. रोवणीले हात लागतेच माया मायले."

"वेडी झाली का? पाच वर्षं—"

"पाच वर्षं तुमीच शिकवलं ना, चढाईले गेलं का हात लावूनच या म्हनून?"

पोरगी बोलते तसं करणारी आहे हे मला माहीत होतं. नावं द्यायला पाच आठवडे उरले होते. त्याआधी नियम बदलला नाही तर ही कायमची चिखलात धानाची रोवणी करणार, आणि तिला तिथे पाठवणारी मी.

त्या दिवसापासून मी दुसऱ्या कशात लक्ष घातलं नाही. शाळेत पोरांना कवायत देतानाही माझ्या डोक्यात सहा संघच फिरत. सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून दरवर्षी काढायच्या? मग ज्याचं नशीब फुटकं तो दहा वर्षं कोरडाच राहील. शेवटच्या तिघांच्या चिठ्ठ्या? मग त्या तिघांत येण्यासाठी तिसराही हरेल. पहिल्याला आधी द्यायचं? मग बाकीच्यांनी लीगमध्ये यावंच कशाला? जो नियम करावा त्याला भोक दिसे. मी वही भिरकावून दिली आणि एका रविवारी सकाळची बस धरून माहेरी गेले.

आमचं घराणं कोहळ्यांचं, तळी बांधणाऱ्यांचं. पूर्वजांनी खोदलेलं तळं गावाच्या डोक्याशी आहे, आणि त्या तळ्याचं पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, वाटणारा माणूस म्हणजे पाणकर. माझे बाबा, दुधराम, पंचेचाळीस वर्षं गावाचे पाणकर होते. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी सकाळी तळ्याच्या बांधावर जाऊन तुडमापाशी बसतात. तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं जुनं दगडी दार. मी तिथेच त्यांच्याशेजारी बसले आणि माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हनजे ज्याचं धान वारलं त्याले पानी आधी?"

"हो. वाळलं त्याला आधी, तसंच."

"मग तो वारूच देईन ना धान." ते हसले. "आमी धान पाहून पानी कधी दिलंच नाही. पाळी पाहून दिलं. औंदा ज्याची पहिली, पुढच्या साली त्याची शेवटी. बाकीचे एक एक पायरी वर. पीक चांगलं असो का वाईट, आपली पाळी कोनत्या साली येते हे लहान पोट्ट्यालेही पाठ."

मी उडालेच. लहानपणापासून बघत आले होते आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नव्हतं. सहा संघ, सहा वर्षं. प्रत्येकाला एकदा पहिली पसंती, जिंका नाहीतर हरा. हरून काही मिळणारच नसेल तर हरेल कोण? मी तिथेच वही उघडून लिहायला लागले.

"आन पाणकर?" बाबा म्हणाले.

"पाणकर काय?"

"पाणकराची बांधी सगळ्यांच्या शेवटी. चक्र बसवते त्या साली तर पक्कीच शेवटी. तुले आठवत नाही काय, आपली बांधी नेहमी मागं राहे? तुयी माय बोंबलत राहे माया नावानं."

आठवत होतं. आई खरंच बोंबलायची. शेजारच्यांच्या बांध्या भरायच्या आणि पाणी वाटणाऱ्याच्या घरचं धान माना टाकायचं. पण मला ते ऐकायचं नव्हतं. "बाबा, ही कबड्डी आहे. पाणी नाही."

"मग पान्याची रीत कायले घेऊन जाऊन राहिली?" ते म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

'पाणकर शेवटी' हे मी वहीत लिहिलं नाही. सुरुवातीची पाळी सहाही संघांच्या चिठ्ठ्या टाकून ठरवायची, असं माझ्या मनानं लिहिलं. आचल माझ्याकडे यायची सहात एक तरी आशा राहावी म्हणून. पुढचे तीन आठवडे मी संघांच्या दारोदार फिरले. देवरीला गेले, आमगावला गेले, तिरोड्याला दोनदा गेले, कारण पहिल्या खेपेला भांडून परत आले होते.

सभा फेब्रुवारीच्या शेवटी झाली. लीगचे अध्यक्ष दुलीचंद सेठ, राईस मिलवाले, त्यांच्या मिलच्या ऑफिसात. सहा संघांची सहा मतं, आणि सारखी पडली तर सेठचं सातवं. मी उभी राहिले आणि फळ्यावर सहा वर्षांचं चक्र काढून दाखवलं. कोणी मधे बोललं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खेमराज उठला. हा माणूस माझ्यासारखाच तापट, म्हणून आमचं कधी जमलं नाही. "मॅडम, एक विचारू? यंदा शेवटचा नंबर तुमचा. जुन्या नियमानं आचल तुमाले फुकटात भेटून राहिली. अन् तुमीच तो नियम मोडून राहिल्या. काऊन?"

"कारण आपण दोघांनी जानेवारीत जो तमाशा केला तो पुन्हा व्हायला नको म्हणून."

"तमाशा जिंकला कोन? तुमी." कोणीतरी फिसकन हसलं. "पहिला नियम तुमीच आनला. कमजोराले द्या म्हने. आता दुसराही तुमीच आनून राहिल्या. यात तुमचा काय डाव आहे तेवढं सांगा, मी आताच हात वर करतो."

"माझा काही डाव नाही!" मी टेबलावर हात आपटला. चहाचे कप उड्या मारायला लागले.

"मतलब, देखो मॅडम," सेठ शांतपणे म्हणाले, "स्कीम अच्छी है. लेकिन यहाँ भरोसे की बात आहे. लोकांना वाटते की चिठ्ठीत पन काही गडबड होईल."

हात वर झाले. तीन बाजूनं, तीन विरोधात. सेठनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला कळलं की ते नाही म्हणणार. त्यांच्याजागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. ज्या बाईनं सगळ्यांसमोर मुद्दाम मॅच हरवली तिनं काढलेल्या चक्रावर कोण विश्वास ठेवणार? चक्र बरोबर होतं, ते काढणारा हात खोटा होता.

आणि तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर, मला आमची बांधी शेवटी का असायची ते समजलं. बाबा फार मोठे संत होते म्हणून नव्हे. वाटणाऱ्यानं आपलं शेवटी घेतल्याशिवाय बाकीचे त्याला तुडमाला हात लावू देत नाहीत, म्हणून. आई बोंबलायची आणि गाव गप्प असायचं, कारण गावाला आमची वाळकी बांधी दिसत होती.

आचल डोळ्यांसमोर आली, आठवीतली, दोन वेण्यांची, गुडघे सोललेली. मला ती हवी होती. आजही सांगते, मला ती फार हवी होती.

"थांबा सेठ," मी म्हटलं. "एक कलम वाचायचं राहिलं." वहीत ते नव्हतंच, तरी मी वहीकडे पाहूनच बोलले. "आमच्याकडे तळ्याचं पाणी जो वाटतो त्याची बांधी शेवटी असते. हे चक्र मी बसवलं. म्हणून मुर्रीची चिठ्ठी टाकायची नाही. चिठ्ठ्या पाच. मुर्री सहावी."

खेमराज बघतच राहिला. "म्हनजे तुमची पहिली पसंती..."

"सहाव्या वर्षी. तोवर मी रिटायर झालेली असेन."

"अन् आचल?"

"चिठ्ठीत ज्याचं नशीब उघडेल त्याची."

मग खेमराजनं खाली घेतलेला हात वर केला. त्याच्यामागून तिरोडा, आणि मग देवरी. सेठना मत द्यावंच लागलं नाही. पाच चिठ्ठ्या त्यांच्याच टोपीत टाकल्या आणि मिलच्या चौकीदाराकडून काढवल्या. पहिली चिठ्ठी निघाली कामठ्याची. खेमराज ओरडला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तो माझ्याकडे आला आणि खाली बघून म्हणाला, "पोरगी नीट सांभाळीन, मॅडम."

"सांभाळू नको. खेळव," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

आचलला मी वसतिगृहाच्या फाटकापाशी सांगितलं. नियम बदलला ऐकून ती आधी उडीच मारणार होती. मग तिनं विचारलं, "म्हनजे मी तुमच्याकडं नाही?"

"नाही. फॉर्म भर. बहुतेक कामठा."

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि फाटकावरच्या बाईनं "काय झालं वो, कोनी गेलं का?" असं विचारल्यावर तिच्यावर खेकसले. फॉर्म आचलनं माझ्यासमोरच भरला. चौघडीच्या घड्या अजून दिसत होत्या.

वर्ष गेलं. एका पोरीनं संघ वर येत नाही हे मी आधीपासून सांगत होते, तसंच झालं. आचल गुण आणायची आणि कामठ्याची ढिली पकड ते घालवायची. आमच्या वाट्याला निवडीत जी शेवटची मुलगी आली, हर्षा, ती पकडीला बरी निघाली, पण बाकी आनंदच होता. फिरून जानेवारीत शेवटची मॅच, पुन्हा मुर्री आणि कामठा, पुन्हा गुण सारखे. फरक एवढाच, की हरून आता कोणाला काही मिळणार नव्हतं. हरणारा नुसता शेवटी राहणार होता.

मैदान भरलं होतं. मागच्या वर्षीचा तमाशा पुन्हा होतो का ते बघायलाच निम्मे आले असतील. पहिल्या चढाईत आचलनं आमच्या दोघींना बाद केलं आणि ते सरसावून बसले. पहिल्या डावात तिनं एकटीनं आठ गुण घेतले. मी ओरडत होते, हातवारे करत होते, पण एक गोष्ट सांगत नव्हते.

मध्यांतराला चेतना माझ्यासमोर उभी राहिली. वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. "मॅडम, पाच वर्षं तुमी शिकवलं तिले. तिची खोड तुमाले माहीत असन. सांगून काऊन नाही राहिल्या?"

मी पलीकडच्या आचलकडे पाहिलं.

"यंदाही घाई नाही काय जिंकायची?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. बरं झालं झोंबल्या. मी सगळ्यांना जवळ बोलावलं. "परत फिरायच्या आधी ती डावा खांदा खाली टाकते. पाच वर्षं बोंबलले, मोडली नाही ती खोड. खांदा पडला की उजवा पाय मागे राहतो. तोच धरायचा. आणि धरलेला सोडायचा नाही."

शेवटच्या मिनिटाला एकतीस-एकतीस. शेवटची चढाई आचलची. तिनं हर्षाला हुलकावणी दिली, बोनसच्या रेषेकडे झेप घेतली, मागे सरली आणि तिचा डावा खांदा खाली गेला. चेतना आडवी झाली. घोट्यावर पडलेली तिची पकड मला इतक्या लांबून दिसली. आचल तिला ओढत ओढत रेषेकडे निघाली, तीन बोटांचं अंतर राहिलं असेल. मग हर्षा वरून पडली, बाकीच्या पडल्या आणि शिट्टी वाजली. बत्तीस-एकतीस. आम्ही पाचवे आलो होतो, आणि माझ्या पोरी लीग जिंकल्यासारख्या नाचत होत्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कामठ्याचेसुद्धा.

आचल धूळ झटकत थेट माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि ओठांवर हसू.

"तुमीच सांगितलं ना त्याहिले, आत्या?"

"हो."

"पाच वर्षं सांगत होत्या तुमी. आज समजलं." तिनं उजवा घोटा चोळला. "पुढच्या वर्षी नाही सापडनार."

"नकोच सापडू," मी म्हटलं. ती खेमराजकडे पळाली आणि त्यानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मी वळले तर चेतना उभी होती. कोपर सोललेलं, तोंडभर माती. मागच्या वर्षी मान हलवणारी मी तिला आठवत असणार, कारण ती माझ्याकडे तशीच सरळ बघत होती. मी हात पुढे केला आणि अर्ध्यातच थांबवला. पाठ थोपटायचा मला अजून हक्क आहे की नाही ते ठाऊक नव्हतं.

तिनंच माझा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला. "आता म्हना, मॅडम," ती म्हणाली.

आणि मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या जोरानं म्हटलं, "शाब्बास!"